नकाशाशी भांडणारी नणंद

माझ्या मोठ्या नणंदेइतकी भांडखोर बाई वैनगंगेपासून प्राणहितेपर्यंत दुसरी झाली नाही, आणि यापुढे होईल असं मला वाटत नाही. साधारण नणंदा भावजयीशी भांडतात. आमच्या ताई तेवढ्या किरकोळ कामात कधी पडल्या नाहीत. त्या नकाशाशी भांडतात. कागदाच्या नव्हे, मोबाइलमधल्या. चष्मा कपाळावर, फोन नाकाला टेकलेला आणि तोंडाने "खोटं, खोटं, साफ खोटं" असा जप चाललेला. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं की बाई कुणाच्या तरी मृत्युपत्रावर हरकत घेत आहेत. जवळ जाऊन पाहिलं तर कळतं की कुठल्याशा नाल्यावर पूल दाखवलाय आणि तिथे आहे रपटा. रपटा म्हणजे नाल्याच्या पात्रातून नेलेला बुटका सिमेंटचा रस्ता. उन्हाळ्यात त्याच्याखालून काही वाहत नाही आणि पावसाळ्यात सगळं त्याच्यावरूनच वाहतं. पूल आणि रपटा यांत असा काय मोठा फरक, असं आमच्याकडच्या एका पाहुण्यांनी ताईंना सहज विचारलं होतं. "पुलावरून माणूस जाते," ताई म्हणाल्या, "अन् रपट्यावरून गेला तं मंग वाहूनच जाते." ते पाहुणे त्यानंतर आमच्याकडे जेवायला आले नाहीत.

ताई कुरखेड्याच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या. त्यामुळे निम्मा तालुका त्यांचा विद्यार्थी आणि उरलेला निम्मा त्यांच्या विद्यार्थ्याचा बाप. राहतात मात्र गावाबाहेर, नाल्यापलीकडे चिचखेडा टोल्यावर, म्हणजे मूळ गावापासून सुटलेल्या लहानशा वस्तीवर. आमच्या नंदोयांनी, म्हणजे ताईंच्या यजमानांनी, तिथे धानाच्या शेताला लागून घर बांधलं, कडुलिंब लावला, गोठा केला आणि कडुलिंब मोठा व्हायच्या आत ते गेले. तेव्हापासून ताई तिथे एकट्या आहेत. शेजार सगळा गोंड कुटुंबांचा. सकाळी कुणी बाई समोरून "जय सेवा, मास्तरीनबाई" म्हणत जाते आणि ताई कडुलिंबाखालून "जय भीम, जय भीम" करत हात हलवतात. शाळेत असताना ताई पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोलायच्या. निवृत्त झाल्या आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी ते बोलणं टाकून दिलं. "ते बोलनं पगारातलं होतं," त्या मला म्हणाल्या. "पेन्शनीत मले माह्यं बोलू दे वं."

या नकाशाच्या भांडणाचं मूळ त्यांच्या मुलापाशी आहे. तो पुण्याला मोठ्या कंपनीत आहे. नवी गाडी घेतली तेव्हा बायकोला बसवून पहिल्यांदाच गाडीने टोल्यावर यायला निघाला, फोनमधली बाई सांगेल त्या वाटेने. पुण्यापासून कुरखेड्यापर्यंत त्या बाईने त्याला चोख आणलं. पुढे मात्र ती बिथरली. तिने त्याला एका बोडीच्या पाळीवर चढवलं. बोडी म्हणजे आमच्याकडे धानाला पाणी पुरवणारं लहानसं तळं. पाळ संपली तेव्हा ती बाई म्हणाली, सरळ जा. पोरगा लहानपणापासून आज्ञाधारक, तो सरळ गेला. पुढची दोन चाकं धानाच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या वाफ्यात, उतरली, मागची दोन पाळीवर राहिली आणि आमची नवी सून खिडकीतून बेडकांकडे पाहत बसली. टोल्यातल्या माणसांनी बैल जुंपून गाडी ओढून काढली. चिखल पुसता पुसता पोरगा वैतागून म्हणाला, "आई, तुमच्याकडे रस्तेच नाहीत." ताईंच्या नाकाचा शेंडा लाल झाला. "रस्ता आहे," त्या म्हणाल्या. "त्या बाईले दिसला नाई."

दुसरी एखादी आई एवढ्यावर थांबली असती. ताईंनी त्या फोनमधल्या बाईचा माग काढला. ती एका कंपनीची आहे आणि तिच्यापर्यंत आपला आवाज पोचत नाही, हे कळल्यावर त्या काही दिवस धुमसत होत्या. मग त्यांना दुसऱ्या एका नकाशाचा पत्ता लागला. हा नकाशा कुणाच्याच मालकीचा नाही. जगातल्या कुणीही त्यात आपल्या माहितीची भर घालावी, कुणीही तो फुकट वापरावा. पगार नाही, मानधन नाही, सत्काराचा नारळसुद्धा नाही. ताईंना असंच काहीतरी हवं होतं. फळा मोकळा, खडू आपला, आणि हेडमास्तर कुणी नाही. त्या दिवसापासून टोला, नाला, बोडी, हातपंप, पांदण, शाळा, समाजमंदिर असं जे जे डोळ्यांना दिसेल ते ते त्यांनी त्या नकाशात नेऊन बसवायला सुरुवात केली आणि आमच्या सगळ्या खानदानाच्या नाकी नऊ आणले.

त्यांच्याबरोबर एसटीने प्रवास करणं ही शिक्षा आहे. ड्रायव्हर हमखास त्यांचा जुना विद्यार्थी निघतो. "थांब रे बापू, या फाट्याचं नाव वाचू दे," अशी हाक मागच्या सीटवरून गेली की तो बिचारा पाढे चुकल्यासारखा करकचून ब्रेक मारतो. लग्नाच्या पंगतीत त्या वरणभात कालवता कालवता शेजारच्या अनोळखी बाईला विचारतात, "तुमच्या गावचा हातपंप चालू आहे का बंद? पानी लाल येते का?" मयतीच्या घरी गेल्या तरी रडणं आटोपल्यावर स्मशानशेडला पत्रे आहेत की नाहीत ते पाहून येतात. माझ्या भाचीकडे गडचांदूरला गेलो होतो, तिथे चुनखडीच्या खाणी सरकतात तसे कच्चे रस्तेही सरकतात. मागच्या खेपेला काढलेला रस्ता या खेपेला खड्ड्याच्या पोटात गेलेला पाहून ताई काठावर कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "पोरीनं काढलेली रांगोळी तरी दुपारपर्यंत टिकते," त्या म्हणाल्या आणि त्याच पावली नवा रस्ता काढत निघाल्या. भाचीने तळलेले गोड बोंडे गार झाले. वाघांच्या जंगलाच्या दाराशी, मोहर्लीला, एका हॉटेलवाल्याने त्यांना चहा पाजून गोड आवाजात विनंती केली होती की आमच्या गच्चीला नकाशात "वाघ दर्शन स्थळ" असं नाव द्या. ताई गच्चीवर गेल्या, चारी बाजूंनी पाहिलं, खाली आल्या आणि नकाशात "पाण्याची टाकी" लिहून चहाचे पैसे देऊन निघाल्या.

पण त्यांचं खरं महायुद्ध झालं ते चिचखेड्यावरून. आमच्या भागात एकाच नावाची चार-चार गावं शेजारी शेजारी असतात. चिचखेडा माल म्हणजे मूळचं गाव. चिचखेडा चक म्हणजे त्याला लागून तोडून दिलेली जमीन आणि तिच्यावर वसलेली घरं. चिचखेडा तुकूम म्हणजे पूर्वी कुणी तळं बांधलं म्हणून त्याला मिळालेली जागा म्हणे. आणि नाल्यापलीकडे आमच्या ताईंचा चिचखेडा टोला. या चौघांत बोलणंचालणं आहे, सोयरीक आहे, पण पोळा वेगळा आणि पोळ्यातली भांडणं वेगळी. ताईंनी चारही गावं नकाशात व्यवस्थित बसवली. एके दिवशी पाहतात तो एकच चिचखेडा शिल्लक. कुठल्याशा बर्फाच्या देशात बसलेल्या एका सद्गृहस्थाने, एकच नाव चार वेळा चुकून पडलंय असं समजून, उपकारबुद्धीने तीन गावं पुसून टाकली होती. ताईंनी परत टाकली. त्याने परत पुसली. घरात आठवडाभर भाजीला मीठ नव्हतं. शेवटी ताईंनी त्या गृहस्थाला मराठीत लिहिलं, "तुमच्या घरी चार भाऊ एकाच आडनावाचे असतील तर तिघांना तुम्ही पुसून टाकता का?" त्याने ते कुठल्यातरी यंत्राकडून समजून घेतलं असावं. दुसऱ्या दिवशी चारही चिचखेडे आपापल्या जागी परत आले आणि खाली त्याची माफी होती. आता तो गृहस्थ आमच्याकडचं कुठलंही गाव हलवायच्या आधी ताईंना विचारतो. पोलिस पाटलालाही एवढा मान नाही.

या सगळ्यावर लोक एकच प्रश्न विचारतात. बँकेतला शिपाई विचारतो, दूधवाला विचारतो, आमचे हे, म्हणजे ताईंचे सख्खे भाऊसुद्धा विचारतात. "यात मिळतं काय?" मला या प्रश्नाची चीड आहे. क्रिकेटची मॅच पाहत दिवसभर सोफ्यावर लोळणाऱ्या माणसाला कुणी विचारत नाही की यात मिळतं काय. बाई उन्हातान्हात स्वतःच्या पायाने फिरून दुसऱ्याच्या उपयोगाचं काहीतरी करते, की लगेच हिशेबनीस उभे राहतात. पण हाच प्रश्न ताईंचा मुलगा विचारायचा तेव्हा त्यात आणखी एक गोष्ट असायची. त्याला आई पुण्याला न्यायची होती. त्याने तिच्यासाठी बाल्कनीची खोली ठेवली होती. टोल्यावरचं घर विकायचं, शेत ठोक्याने कसायला द्यायचं, आणि आईने आता शाळेत जाऊ लागलेल्या नातवाला गणित शिकवत बाल्कनीत बसायचं, असा त्याचा बेत. वाईट नव्हता. दर फोनला तो म्हणायचा, "तिथे असं कोणतं काम अडलंय तुझं?" ताई म्हणायच्या, हे काय, नकाशाचं. आणि तो म्हणायचा, "आई, कामाचे पैसे मिळतात. हा छंद आहे. तो पुण्यातही होईल." त्यावर ताई त्याला ऐकू जाईल इतक्या जोरात फोन ठेवायच्या.

म्हणून एका मोठ्या शहरातल्या संस्थेतून एका संशोधकांचं पत्र आलं तेव्हा ताईंनी ते मला तीनदा वाचून दाखवलं. मोकळ्या नकाशासाठी लोक जे फुकट काम करतात त्याचं आर्थिक मूल्य किती, याचा हे गृहस्थ अभ्यास करत होते. "आता काढू दे आकडा," ताई म्हणाल्या. "पोट्ट्याच्या तोंडावर नेऊन फेकतो." रोवण्याचे दिवस होते. आमच्याकडे धानाची रोपं लावण्याला रोवणा म्हणतात. मी मुद्दाम रजा काढून टोल्यावर गेले. ताईंच्या घरी कुणी आकडेमोड करायला येणार आणि आपण चंद्रपुरात बसायचं, हे मला जमलं नसतं.

गृहस्थ आले ते गुडघ्यापर्यंत चिखलाने भरून. माणूस अतिशय सज्जन होता. ताईंनी पाय धुवायला पाणी दिलं, चहा दिला, आणि मग बाजेवर मांडी घालून तोंडी परीक्षेला बसल्या. नकाशात कुणी काय आणि केव्हा टाकलं याची नोंद यंत्रात राहते, त्यावरून प्रत्येकाच्या कामाचे तास काढता येतात, असं गृहस्थांनी समजावून सांगितलं. ताईंनी विचारलं, "मी नाल्यापर्यंत पायी गेली, रपटा पाहून वापस आली, ते कशात धरलं?" गृहस्थ म्हणाले, ते मोजायची सोय नाही, फोनवर नोंद करायला लागला तेवढाच वेळ. "म्हनजे घरी बसून खोटं टाकलं असतं, तरी तेवढंच?" गृहस्थांनी चहाचा घोट घेतला आणि प्रामाणिकपणे म्हणाले, "हो." मग त्यांनी विचारलं की हे काम केलं नसतं तर त्या वेळात तुम्ही काय कमावलं असतं? ताई म्हणाल्या, "झोपली असती. झोपीचा भाव काढा." बरं, तुमच्याऐवजी पगारी माणूस ठेवला असता तर त्याला किती द्यावे लागले असते? "ठेवून पाहा," ताई म्हणाल्या. "तो रपट्यापाशी येईन, पानी पाहीन, वापस जाईन अन् भत्ता उचलीन." गृहस्थ हसले, मीही हसले. ताई हसल्या नाहीत. त्यांना आकडा हवा होता आणि तो कमी पडणार हे त्यांच्यातल्या गणिताच्या बाईंना कळून चुकलं होतं.

त्या उठल्या आणि गृहस्थांना घेऊन बांधीवर गेल्या. त्यांच्याच शेतात रोवणा चालला होता. टोल्यातल्या बायका पाळीपाळीने एकमेकींच्या बांधीत रोवतात. आज हिच्या, उद्या तिच्या. त्यात मजुरीचा विषय निघत नाही. जानकाबाई म्हणून ताईंची शेजारीण ओळीच्या टोकाला वाकून रोपं लावत होती. ताईंनी तिला हाक मारली. "जानकाबाई, हे साहेब इचारून राह्यले, तुमच्या रोवण्याचा भाव काय?" जानकाबाईने कंबर सरळ केली, गृहस्थांच्या बुटांकडे दयेने पाहिलं आणि म्हणाली, "भाव कायचा? मी इथी आली, उद्या ह्या माह्या बांधीत येतीन." गृहस्थ अभ्यासू होते, त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, "आणि एखादी आलीच नाही तर?" जानकाबाईला प्रश्न समजलाच नाही. तिने ताईंकडे पाहिलं. ताईंनी तो आमच्याकडच्या झाडीबोलीत परत विचारला. "नाई आली तं," जानकाबाई म्हणाली, "पाहाले जाईन. बिमार असंन." आणि ती परत वाकली. गृहस्थांनी बूट काढून हातात घेतले.

महिन्याभराने त्यांचा आकडा आला. तो मी इथे सांगणार नाही, ताईंनी मला शपथ घातलीय. एवढंच सांगते, की त्या पैशांत मुलाच्या गाडीचं बांधीत उतरलेलं एक चाक आलं असतं. दुसरं नाही. ताईंनी ती सगळी आकडेमोड छापून घेतली, लाल पेन काढलं आणि पेपर तपासायला बसल्या. बेरीज बरोबर होती, गुणाकार बरोबर होता. एवढं सगळं बरोबर निघालेलं पाहून त्यांना आणखीनच राग आला. शेवटी खाली त्यांनी शेरा लिहिला, "उत्तर बरोबर. प्रश्न चुकला. दहापैकी चार, ते मेहनतीचे." आणि तो पेपर संशोधकांना पोस्टाने परत पाठवला. मुलाने फोनवर विचारलं, किती निघाले? ताई कधी खोटं बोलत नाहीत. त्यांनी सांगितलं. तो हसला. वाईट हेतूने नव्हे, पण हसला आणि म्हणाला, "आई, एवढ्यासाठी?" मला त्या दिवशी भाच्याचा भयंकर राग आला. याला ताईंनी बोलायला शिकवलं, बेरीज शिकवली, तापात मांडीवर घेऊन बसल्या, त्याचा दर कुणी काढला होता? मी त्याला तसं म्हटलंही. तो म्हणाला, "मामी, तू पण ना." या वाक्याला उत्तर नसतं, म्हणून लोक ते वापरतात.

दिवाळीनंतर धान कापायला आलं आणि ताई पडल्या. त्यांच्या घरी फोनवर बोलणं होतं, पण इंटरनेट येत नाही. अंगणात बाजेवर उभं राहून फोन डोक्याच्या वर धरला की येतं. सकाळचं काम त्या अशाच उभ्याने पाठवतात आणि समोरच्या बांधीतून सगळ्या बायकांना त्या दिसतात. त्या दिवशी बाजेची दोरी तुटली. पायाचं हाड मोडलं. फोन कुठे तरी उडाला. ताई जमिनीवर पडून राहिल्या. मास्तरीनबाई आज बाजेवर दिसल्या नाहीत, असं म्हणून जानकाबाई विळा ठेवून पाहायला आली, म्हणून कळलं.

अ‍ॅम्ब्युलन्सला फोन गेला. ड्रायव्हर बाहेरगावचा, नवा, ताईंचा विद्यार्थी नसलेला. तो आधी चिचखेडा मालला गेला, मग चकला, मग तुकूमला. शेवटी ताईंनी, पडल्या पडल्या, जानकाबाईच्या हातातून फोन घेतला. "नकाशा पाह ना, नकाशात सगळं आहे," त्या म्हणाल्या. त्याने आता ताईंचाच नकाशा उघडला. "मॅडम, टोला दिसते. विहीर दिसते, कडुलिंब दिसते, गोठा दिसते. घर नाई दिसून राह्यलं." तालुक्यातलं एकेक घर नेऊन बसवणाऱ्या या बाईने स्वतःचं घर नकाशात टाकलं नव्हतं. बायकांनी त्यांना दोरी बांधलेल्या त्याच बाजेवर घातलं आणि बांधीबांधीने रस्त्यावर नेलं. तिथे पोचल्यावर ताईंनी त्या ड्रायव्हरला पहिलं वाक्य ऐकवलं, "रपट्यावर गाडी उभी नाई करत, बापू." पुढे मी विचारलं की ताई, अहो गोठा टाकला आणि घर कसं विसरलात? "इसरली नाई," त्या म्हणाल्या. "माह्यं घर मले मालूमच होतं ना. ज्याले नाई मालूम त्याच्यासाठी नकाशा असते."

पायाला प्लास्टर घालून ताई आमच्याकडे चंद्रपूरला आल्या. मुलगा पुण्याहून धावत आला. या वेळी तो पैशांचं काही बोलला नाही. पलंगाच्या कडेला बसून म्हणाला, "आई, छंद म्हण, काम म्हण. मी हरलो. पण परत पडलीस आणि गाडीला घर सापडलं नाही, तर मी काय करायचं?" मी ताईंकडे पाहत राहिले. आता उत्तर येईल, आता येईल असं वाटत होतं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. संध्याकाळी टीव्हीवरच्या बातम्यांत गडचिरोलीचा नकाशा चुकीचा दाखवला, तरी त्या काही बोलल्या नाहीत. मुलगा घर विकण्याबद्दल फोनवर कुणाशी तरी बोलू लागला. ताईंना भांडताना मी वर्षानुवर्षं पाहिलंय आणि कंटाळलेही आहे. पण न भांडणाऱ्या ताई मला पाहवेनात.

मी त्यांचा फोन घेतला आणि म्हटलं, टाका तुमचं घर. त्या म्हणाल्या, "मले नाई जमत वं. आपलंच नाव आपल्या हातानं फळ्यावर लिवाले लाज वाटते." मग मी म्हटलं, शिकवा मला. त्यांनी कूस बदलली. चष्मा कपाळावरून खाली आला. मला भूमिती कधी जमली नाही आणि तेव्हाही जमली नाही. मी खूप नेमाने बोट टेकवलं. ताईंनी फोन नाकाजवळ नेला. "मले गोठ्यात टाकलं तुनं," त्या म्हणाल्या, आणि मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. परत पुसलं, परत टाकलं. चारी कोपरे जुळेपर्यंत त्यांनी माझ्याकडून ते गिरवून घेतलं. नावाच्या जागी मी कौतुकाने लिहिलं, "ताईंचं घर". ताईंनी ते तिथल्या तिथे पुसलं. "कोनाची ताई? नकाशा घरचा आहे का?" घर मात्र राहू दिलं.

मुलगा दारात उभा राहून पाहत होता. त्याने स्वतःचा फोन काढला, तो मोकळा नकाशा उघडला, एका टोकाला पुण्यातलं आपलं घर धरलं आणि दुसऱ्या टोकाला कडुलिंबाखालचा तो नवा चौकोन. रेघ निघाली. कुरखेड्यावरून, बोडीची पाळ टाळून, रपट्यावरून, थेट अंगणापर्यंत. तो आईशेजारी येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "रस्ता आहे, आई." ताईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "मंग? मी काय सांगत होती?"

प्लास्टर निघालं आणि ताई काठी घेऊन टोल्यावर परत गेल्या. आता फार लांब चालवत नाही. एसटी थांबवायला कुणी नाही, त्यामुळे त्या ड्रायव्हरची गाडी म्हणे वेळेवर पोचायला लागली आहे. आमच्याकडच्या लग्नांच्या पंगतीतही आता कुणी कुणाला हातपंप विचारत नाही. मला त्या पंगती फार मोकळ्या मोकळ्या वाटतात. सुटीच्या दुपारी घरातलं आवरलं की मी कधीकधी तो नकाशा उघडते आणि चिचखेडा टोल्यावर जाते. माझ्या हातचं एवढं एकच घर आहे त्यात. परवा पाहिलं तर जानकाबाईच्या दारापासून ताईंच्या अंगणापर्यंत एक बारीक तुटक रेघ होती. मी लगेच फोन लावला. म्हटलं, ताई, ही पायवाट आधी नव्हती. "नव्हती," ताई म्हणाल्या. "रोज सकाळी येते ना जानकाबाई, मी उठली का नाई ते पाहाले. बांधीतून वाट पडली. पडली तं टाकावं लागते."

आणि माझं नेहमीचं अज्ञान गृहीत धरून त्यांनी बजावून सांगितलं, "पावसातबी चालू असते. तसं लिवलं आहे मी."